दुष्काळातली भुईआवळी

वत्सलाबाई सोनकांबळे कुणालाही माफ करत नसत. "माफीनं मागणाऱ्याचं ओझं उतरतं, आपलं न्हाई," असं म्हणायच्या. मी लातूरच्या फार्मसी कॉलेजात नवी लागले, तेव्हा देगलूरकडच्या या बाई उंदरांवर प्रयोग करत होत्या. यकृताचं रक्त चिमट्यानं थोडा वेळ अडवायचं, मग सोडायचं. रक्त परत येतानाही यकृत होरपळतं. भुईआवळीचा अर्क आधी पाजला तर ते वाचतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि पाऊस दडी मारून बसला होता. भुईआवळी हे पावसाळी तण. त्या साली बांधावर एक रोप दिसेना. बाईंनी न्हाणीमागे वाफा केला. टँकरपाशी भांडणं चालायची, आणि या अर्ध्या बादलीत अंघोळ उरकून राहिलेलं पाणी रोपांना घालायच्या.

"येड लागलं का, बाई?" शेजारीण म्हणाली.

"हाव. लई."

यकृतं वाचली. विभागप्रमुखांनी ते संशोधन एकट्याच्या नावानं छापलं. मी संतापले, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "चढू दे त्याला. खालून पडला तर लागत न्हाई."

पुढे नव्या जिल्ह्यातर्फे सरांचा सत्कार झाला. सर त्या दुष्काळी वर्षातल्या आपल्या कष्टांवर भरभरून बोलले. बाई पहिल्या रांगेतून उठल्या.

"सर, झाडं कुठून आणली?"

"औशाच्या शिवारातून. स्वतः उपटून."

"त्या साली? औशात कुसळ तरी होतं का?"

मांडवात औशाचीच माणसं बसली होती. आधी कुणीतरी फसकन हसलं, मग सगळा मांडव.

"झाडं माझ्या न्हाणीमागं होती," बाई म्हणाल्या. "अंगावरचं पाणी घातलंय मी त्यास्नी."

चौकशी झाली. संशोधनाला बाईंचं नाव लागलं, सरांची खुर्ची गेली. एका दुपारी ते बाईंच्या दारात आले. मी आतच होते.

"आता तरी समाधान झालं?" सर उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "चुकलं माझं. माफ करा."

बाईंनी त्यांना आत बोलावलं नाही. "न्हाई करत," म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

मग त्यांनी चुलीवर तवा टाकला. जेमतेम खाणाऱ्या त्या बाईनं त्या दिवशी माझ्यासमोर बसून, ठेचा लावून, पोटभर भाकरी खाल्ली.