उतरलेली बॅटरी

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. जुने व्हॉल्व्हचे रेडिओ पाहायला माझ्याकडे लोक येतात, तेव्हा मी लाकडी पेट्या उघडून दाखवतो, काचेच्या नळ्यांसारखे व्हॉल्व्ह दाखवतो, कोणता सेट कुठल्या अडगळीतून आणला ते रंगवून सांगतो. खिडकीजवळच्या मोठ्या सेटबद्दल मात्र ‘हा माझ्या पहिल्यांपैकी’ एवढंच म्हणून पुढे सरकतो. मागे एका वर्तमानपत्रात छापून आलं की, हा सेट मी निव्वळ जिद्दीने जिवंत केला. ते वाचून मी गप्प बसलो. आता माझं वय झालं, आणि ज्याची माफी मागायची तो राहिला नाही. म्हणून जे घडलं ते लिहून ठेवतो.

छप्पनच्या बौद्ध धम्मदीक्षेनंतरची दोन-तीन वर्षं. बाभुळगावकडच्या एका खेड्यात मी प्राथमिक शाळेवर मास्तर होतो. गावात वीज नव्हती. रेडिओ चालायचे ते ड्राय बॅटरीवर. पुठ्ठ्यात बांधलेला विटेसारखा जड ठोकळा असायचा तो, यवतमाळहून आणावा लागे. नीट वापरली तर एक बॅटरी बरेच महिने पुरायची.

नाद लागला तो एका जिनिंगच्या गोदामात. तिथे सरकीच्या ढिगामागे एक मोडका सेट पडलेला होता. मालकाने तो हसत हसत देऊन टाकला. मी तो उघडला, आणि त्यानंतर माझ्या सुट्ट्या त्यातच जाऊ लागल्या. उंदरांनी कुरतडलेला स्पीकरचा कागद पतंगाच्या कागदाने आणि खळीने सांधायचा, काटा ओढणारी दोरी नवी ओवायची, पेटीला लाखेचं पॉलिश चढवायचं. स्टेशनांची नावं काचेच्या आतल्या बाजूला रंगवलेली असतात आणि साबणाने ती धुऊन निघतात, हे मी एका सेटची सगळी नावं धुऊन टाकल्यावर शिकलो.

खिडकीजवळचा सेट यवतमाळच्या एका निवृत्त जंगल अधिकाऱ्याच्या बंगल्यातून आणला. सागवानी पेटी, हस्तिदंती रंगाची बटणं. त्याच्यावर मी वर्षभर खपलो. सगळं जमलं, पण स्टेशन पकडणारा व्हॉल्व्ह म्हातारा झाला होता. बॅटरी कोरी असेपर्यंत सेट बोले. ती जराशी नरम पडली की व्हॉल्व्ह काम सोडून देई, आणि बॅटरीत दम असूनही पेटी मुकी होई. नागपूरच्या दुकानदाराने सांगितलं, माल बाहेरून येतो, आला की कळवीन.

त्याच शाळेवर माझा एक सोबती होता. यवतमाळला मास्तरकीचं शिक्षण आम्ही एकाच खोलीत राहून घेतलेलं. लोकांसमोर आम्ही एकमेकांना गुरुजी म्हणायचो, एकटे असलो की गड्या. त्याच्या घराने आणि सगळ्या वस्तीने दीक्षा घेतली होती. वस्तीने टिनाचं छप्पर टाकून विहार उभा केला, आणि वर्गणी करून नागपूरहून एक जुना बॅटरी सेट आणला. नियमही ठरवले. संध्याकाळी आधी वंदना आणि पंचशील, मग बातम्या, कापसाचे भाव आणि शेतीचं बोलणं. सिनेमाची गाणी नाहीत. नंतर सेट कपाटात आणि कपाटाची चाबी माझ्या सोबत्यापाशी.

एक दिवस तो सेट गोधडीत गुंडाळून सायकलच्या कॅरिअरवर घेऊन आला.

“गड्या, बाई रुसली पाह्य. तोंडच उघडत नाही.”

“ठेवून जा. परवा घेऊन येतो.”

बिघाड किरकोळ होता. एक तार टाक्यातून सुटली होती. डाग दिला आणि सेट बोलू लागला. मग मी आत नीट पाहिलं, आणि मला जो व्हॉल्व्ह मिळत नव्हता तो तिथे बसलेला दिसला. चांगला, ताजा. मी तो काढला आणि माझा म्हातारा व्हॉल्व्ह त्याच्या जागी बसवला. दोन्ही सेट लावून पाहिले. दोन्ही सुरेख बोलत होते, कारण बॅटरी नवी होती. नागपूरचा माल आला की वस्तीच्या सेटमध्ये नवा व्हॉल्व्ह टाकून देऊ, कुणाचं काही बिघडणार नाही, असं मी स्वतःला समजावलं. वस्तीला विचारायचं मनात आलं नाही. पाटलाच्या घरच्या सेटला मी असा हात लावला असता का, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षांनी पडला. त्याचं उत्तर मला ठाऊक आहे.

सेट द्यायला मी स्वतः विहारात गेलो. सगळी वस्ती जमली होती. पंचशील सुरू झालं. न दिलेली वस्तू घेणार नाही, खोटं बोलणार नाही, हे सगळे एका सुरात म्हणत होते. मी हात जोडून दाराशी उभा होतो. मग बातम्या लागल्या आणि पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, “दिल्लीचा मानूस कसा साफ आयकू येते. अन् आपल्या पाटलाले समोर उभं राहून सांगतलं तरी आपलं आयकू येत नाही.” सगळे हसले. मला कपबशीतून चहा दिला. मी तो प्यालो.

महिनाभरातच त्यांचा सेट मुका झाला. सोबत्याने नवी बॅटरी आणून घातली आणि तो बोलू लागला. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. काय झालं असेल ते मला लगेच कळलं. त्याला ते कळायचं कारण नव्हतं. बॅटरी नवी घातली की सेट चालतो, म्हणजे जुनी संपली होती, हाच कुणाचाही हिशोब झाला असता.

“तुमची बॅटरी जेवते का काय हो, गुरुजी?” वस्तीतले लोक त्याला थट्टेत विचारू लागले.

“माह्यापेक्षा जास्त जेवते,” तोही हसून सांगायचा.

संपलेल्या बॅटऱ्या तो माझ्याकडे आणून टाकायचा. म्हणायचा, तुले काही कामी पडल्या तं पाह्य. त्या संपलेल्या नव्हत्या. माझ्या सेटला लावल्या की तो पुढे कित्येक दिवस गात असे. वस्तीच्या वर्गणीतल्या बॅटरीवर, वस्तीच्याच व्हॉल्व्हने, मी सिलोनची गाणी ऐकत होतो. सांगायला सगळ्यात जड हेच आहे.

हळूहळू थट्टा ओसरली. चाबी कुणापाशी असते, विहार बंद झाल्यावर कुणाच्या घरून गाण्याचा आवाज येतो, अशी कुजबुज सुरू झाली. शेवटी त्यानेच मला विहारात बोलावलं. म्हणाला, “तू जानकार हायेस. लोकायले समजून सांग.”

मी गेलो. सेट उघडल्यासारखं केलं, कोरी बॅटरी लावली. सेट खणखणीत बोलला. वस्तीतल्या एका वयस्कर माणसाने विचारलं, “गुरुजी, मशीन खराब हाये का?”

“मशीन चांगलं आहे.”

“मंग बॅटरी काहून उतरते?”

सोबती माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, “ते वापरावर असतं.”

या वाक्यात काही खोटं नाही. रेडिओच्या कुठल्याही दुकानदाराने हेच सांगितलं असतं. पण त्या दिवशी, त्या लोकांसमोर, त्याचा अर्थ एकच होत होता. सोबत्याने खिशातून चाबी काढली आणि चटईवर ठेवली. “दुसऱ्या कोनापाशी ठेवा,” म्हणाला.

परतताना तो माझ्यासोबत सायकल हातात धरून चालत आला.

“तुले बी तसंच वाटते का बे?”

“मी कुठं काही म्हटलं?”

“तेच तं,” तो म्हणाला.

थोड्याच दिवसांत नागपूरहून निरोप आला आणि मी जाऊन व्हॉल्व्ह आणला. आता इथे मी जे केलं ते नीट सांगायला हवं. सेट साफ करून देतो असं म्हणून मी विहारात गेलो आणि नवा व्हॉल्व्ह बसवून आलो. मनाला वाटलं, घेतलेलं परत केलं, मोकळा झालो. तो म्हातारा व्हॉल्व्ह तसाच राहू दिला असता, तर चाबी दुसऱ्याकडे गेल्यावरही बॅटरी तशीच उतरली असती आणि माझा सोबती आपोआप सुटला असता. पण मी सेट दुरुस्त केला. आता एकच बॅटरी महिनोन् महिने पुरू लागली. चाबी हलली आणि बॅटरी टिकली. लोकांनी त्यातून जो निष्कर्ष काढायचा तो काढला. त्यांची चूक नव्हती. पुरावा मी तयार करून दिला होता.

तो वंदनेच्या वेळी पुढे बसायचा, आता दाराशी बसू लागला. पंचशील म्हणायला सुरुवात तो करून द्यायचा, ते काम दुसऱ्याकडे गेलं. शाळेतली पोरं त्याच्यामागे त्याला बॅटरी गुरुजी म्हणायची. त्याने बदली मागितली आणि पार मारेगावकडची शाळा घेतली. जाण्याआधी तो माझ्याकडे आला, माझा सेट ऐकत बसला.

“कसा गाते बे तुह्या. काय केलं याले?”

“नागपूरचा व्हॉल्व्ह टाकला,” मी म्हणालो.

त्याने मान डोलावली आणि शाबास म्हणाला.

साठ सालानंतर एकदा मी एसटीने त्याच्याकडे गेलो. नीट करून घेतलेला एक छोटा सेट सोबत घेतला होता. तो त्याला द्यायचा आणि सगळं सांगायचं, असं ठरवून निघालो होतो. त्याने आनंदाने घरात नेलं. बायकोला म्हणाला, “हा माह्या जुना सोबती, पोळ्या टाक.” जेवण झालं. मी पिशवीतला सेट काढला. तिने तो पाहिला आणि हळूच म्हणाली, “भाऊजी, राग नका मानू. आमच्या घरी रेडिओ नाही ठेवत. ह्यायले नाही आवडत.” तो उगाच हसला आणि कापसाचं बोलू लागला. मी सेट परत पिशवीत टाकला.

स्टँडवर तो पोचवायला आला. गाडी उशिरा आली. वेळ भरपूर होता. आम्ही लिंबाखाली बसून शाळा तपासणीबद्दल बोललो, साहेब कसे अंडी मागतात ते बोललो. तो दोनदा गप्प झाला. दोन्ही वेळा मी दुसरा विषय काढला. गाडी आल्यावर त्याने माझी पिशवी वर चढवून दिली आणि सांभाळून जा म्हणाला.

पुढे त्याच्या जाण्याची बातमी मला फार उशिरा कळली. त्या वस्तीत अजूनही जुनं बोलताना कुणीतरी बॅटरीचा किस्सा सांगतं, असं ऐकतो. हे वाचून कुणी तिथे सांगितलं तर बरं होईल. मला स्वतः जाऊन सांगायचं होतं. त्याला सांगायचं होतं ते तर चारच वाक्यांचं होतं. लिंबाखाली बसून ते मी मनात पुन्हा पुन्हा म्हटलं होतं: गड्या, बॅटरी तू नाही उतरवली. तुमच्या सेटातला व्हॉल्व्ह मी काढला होता. विहारात सगळ्यायसमोर मले ते सांगता आलं असतं, अन् मी नाही सांगतलं. मले माफ कर.