येन्सराव, लुझबाई आणि बोलका मामा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे चहा तोंडात असताना हसलात तर शर्टावर येईल. मी माझ्या सख्ख्या भाच्याची जुळलेली सोयरीक एका सकाळीत मोडत आणली होती. तीही इंग्रजीत!

भाचा म्हणजे समीर, सायखेड्याला दिलेल्या माझ्या ताईचा एकुलता एक मुलगा. नोकरी डेन्मार्कमध्ये, वय छत्तीस. त्याच्या लग्नासाठी ताईनं इतके नवस बोलून ठेवले होते की कुठल्या देवाला काय कबूल केलंय हे तिलाही आठवेना. शेवटी त्यानं तिकडेच मुलगी पसंत केली. कारिन. बाप येन्स डॅनिश, आई लुझ फिलिपिनो. आणि आता ते आईबाप मुलीला घेऊन थेट सायखेड्याला घर बघायला येणार!

ताईचा मला नाशिकला फोन.

"अन्या, बोलणी तुलाच करायची हायेत. तुझ्या दाजींच्या तोंडातून मराठी निघत नाय, इंग्रजी कुठून निघणार? पण लय बोलू नको हां. माझ्या पोराचं जमू दे रे बाबा यंदा."

आता भाषेचं काम म्हटल्यावर मी मागे राहतो होय? माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी मोबाइलवर भाषा शिकतो. महिनाभर डॅनिश आणि फिलिपिनो शेजारी शेजारी घेऊन बसलो. अहो, काय गंमत! फिलिपिनोत चेहऱ्याला म्हणतात 'मुखा', शिक्षकाला 'गुरो' आणि साबणाला 'साबोन'. अगदी घरची भाषा! वर मोठ्यांशी बोलताना वाक्यागणिक आदराचा 'पो' लावायचा. डॅनिशचं उलटं. लिहायचं भाराभर आणि बोलताना निम्मं गिळायचं. 'कृपया'ला धड शब्द नाही, लहानथोर सगळ्यांना अरेतुरे. पण पन्नासला काय म्हणतात माहितेय? अडीच विसा! सत्तरला साडेतीन विसा! आमच्या बाजारात जुनी माणसं असंच मोजायची.

मला वाटलं, दोन्ही भाषा खिशात आल्या.

पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी समीर कारिनला घेऊन वणीला देवीच्या दर्शनाला निघाला. दमलेले आईबाप घरीच थांबले.

"मामा, जेवायच्या वेळेपर्यंत येतो. तोपर्यंत यांच्याकडे बघा."

बघतो म्हणजे काय! शिकलेलं ऐनवेळी एक वाक्य आठवेना, म्हणून मी लगेच इंग्रजीत सुरू केलं. "लुझबाई, चहात साखर चालेल ना?"

बाईंनी नुसत्या भुवया उडवल्या. आपल्याकडे भुवया उडवल्या म्हणजे काय? "काय?" बरोबर ना? मी आवाज चढवून पुन्हा विचारलं. पुन्हा भुवया. तिसऱ्यांदा ओरडलोच. मी ओरडलो की ताई एकेक चमचा साखर टाकत होती.

मग येन्सरावांकडे वळलो. "प्रवास बरा झाला?"

त्यांनी एकदम श्वास आत ओढला. "ह्याः!"

ठसका लागतोय असं वाटून मी तांब्या पुढे केला. प्यायले बिचारे.

चहा झाला. ताईनं स्वयंपाकघराच्या दारातून खूण केली, विचार आता. मी घसा साफ केला. "आमच्या समीरला तुमची मुलगी द्याल ना?"

लुझबाईंच्या भुवया वर. येन्सराव, "ह्याः!"

आईला कळलं नाही आणि बापाला धक्का बसला! म्हणजे यांना कुणीतरी समीरबद्दल काहीतरी सांगितलेलं दिसतंय. म्हटलं, लपवाछपवी नको, आपणच सांगून टाकू.

"टक्कल पडतंय त्याला, कबूल आहे."

भुवया वर.

"बारावीला गणितात एकदा फेल झाला होता."

"ह्याः!"

"अन्या!" दारातून ताई. "फेल म्हंजे काय ते कळतं मला!"

"ताई, तू थांब. मी सांभाळतोय."

मी पुन्हा पाहुण्यांकडे वळलो. "घोरतो. पण दार लावलं की शेजारी ऐकू जात नाही." दोघंही, भुवया आणि श्वास, एकदम! "तीन मुलींनी त्याला नाही म्हटलं होतं, पण त्यातल्या दोघींना आता पश्चात्ताप होतोय!" आणि हे सगळं बोलताना मी मान डोलावत होतो. आपली ती ही, डावी-उजवीकडची, 'सगळं ठीक आहे हो' वाली.

दाजी उठून गोठ्याकडे निघून गेले. ताईनं पदर तोंडाला लावला. येन्सरावांनी बायकोकडे बघितलं, बायकोनं त्यांच्याकडे. ताईच्या पोराचं माझ्या हातून मोडलं तर तिला तोंड कसं दाखवणार होतो मी?

तेवढ्यात गाडी वाजली. समीर आत येतो न येतो तोच येन्सरावांनी त्याला गाठून सगळं सरळ विचारलं. डॅनिश माणूस, आडपडदा नाहीच. कारिन खुर्चीत कोसळून हसायला लागली. समीर माझ्याकडे आला.

"मामा, फिलिपिनो माणसानं भुवया उडवल्या की 'हो'. डॅनिश माणसानं श्वास आत ओढून 'या' म्हटलं की तेही 'हो'च. सकाळपासून हो म्हणतायत दोघं! टक्कल, बारावी, घोरणं, सगळं मी त्यांना आधीच सांगितलंय. आणि तुम्ही मात्र सारखी मान हलवून नाही नाही म्हणताय."

"मी? मी कशाला नाही म्हणू?"

समीर जरा घुटमळला. "मी त्यांना एकदा सांगितलं होतं, आमच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क असतो म्हणून. त्यांना वाटतंय, तुम्ही तुमच्या मुलीसाठी मला राखून ठेवताय."

मी तोंड उघडायच्या आत लुझबाई उठल्या. माझा हात दोन्ही हातांत घेऊन अगदी मायेनं म्हणाल्या, "काळजी करू नका. तुमच्या मुलीसाठी आम्ही डेन्मार्कमध्ये चांगला मुलगा शोधू."

अहो, मला मुलगी कुठाय? दोन्ही मुलगेच आहेत! दोघांचीही लग्नं व्हायचीत. समीरचं ठरलं, तोंडं गोड झाली, आणि निघताना ताईनं मला बजावलं, "तुझ्या पोरांची बोलणी करायला मी जाईन. तू घरी बस."