दादाच्या गोटीचा टवका मी घासणार नाही

मंडळी, आज सख्ख्या भावाला तोंडावर नाही म्हणाले आणि मला जराही वाईट वाटत नाही.

जुन्या काचेच्या गोट्यांचे टवके घालवायचा मला नाद आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. एका टवक्यासाठी सगळी गोटी चाकावर घासावी लागते, मग परत चमकवायची.

सकाळी दादा-वहिनी लासूर स्टेशनहून इथं संभाजीनगरला आले. दादानं आजोबांनी हैदराबादहून आणलेली निळ्या पिळाची गोटी पुढं ठेवली. "एवढा टवका घालव. शोकेसात ठेवायची हाय."

"ही नाय घासणार," मी म्हणाले.

"गावभराच्या घासतीस, माझीच जड झाली व्हय?"

"गोटी तुझी, पण टवका माझा हाय."

वहिनी चमकल्या. "वन्सं, हे तर म्हणतात फळीवरून पडली!"

फळीवरून? लहानपणी अंगणात सगळी पोरं म्हणत होती, पोरीचं गोट्यांत काय काम. मी एकच डाव मागितला, लांबून नेम धरला आणि दादाची हीच लाडकी गोटी टिपली. काच उडाली. त्यानंतर मला कुणी खेळायला घेतलंच नाही. त्या डावाची एवढीच खूण उरलीय. ती मीच घासू?

हे सगळं मी वहिनींना सांगितलं, तसा दादा म्हणाला, "लई झालं आता. म्हातारे झालो आपण."

"मग खरं सांगायचं वय झालं की!"

वहिनींनी गोटी पदरानं पुसली. "शोकेसात अशीच ठेवते. टवका पुढं करून."

बायांनो, तुमच्या कुठल्या नेमाला घरात 'फळीवरून पडली' म्हणतात?