टीव्हीवरचे एक्केचाळीस धडे

शुक्रवारी दुपारी पावणेएकला माझ्या मोबाइलवर ताईचं नाव आलं. मी फोन उचलल्या उचलल्या म्हणालो, "ताई, सांगितलं ना, संध्याकाळी बघतो." पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "सर, मी सिल्लोडहून बोलतोय, मॅडमच्या शाळेतून. मॅडमच्या फोनवर शेवटचा नंबर तुमचा होता." ते शाळेचे मुख्याध्यापक होते. ताई प्रयोगशाळेत आठवीच्या वर्गापुढं उभी होती, शिकवता शिकवता कपाळाला हात लावून खुर्चीवर बसली आणि तिथून खाली घसरली, एवढं त्यांनी सांगितलं. दवाखान्यात आणलंय, म्हणाले. मी विचारलं, "शुद्धीवर आहे का?" ते म्हणाले, "सर, तुम्ही लगेच निघा." पुण्यातल्या ऑफिसच्या जिन्यात मी फोन कानाला लावून उभा होतो आणि मनात एकच गोष्ट फिरत होती, की सकाळी साडेदहाला तर ती माझ्याशी बोलली होती. आवाज नेहमीसारखाच होता. थोडी वैतागलेली होती, तीही माझ्यावरच.

सविता माझी मोठी बहीण. चार वर्षांनी मोठी, म्हणजे गेली तेव्हा बावन्न वर्षांची. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. सव्वा महिना होऊन गेला तरी हे वाक्य मला ओळीनं म्हणता येत नाही. कारण आमच्या घरात झटका आला होता तो आईला, गेल्या वर्षी. जपायचं ते आईला, गोळ्या द्यायच्या त्या आईला. दर रविवारी सिल्लोडहून संभाजीनगरला येऊन ताई आईच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायची आणि वहीत लिहायची. आईला सांभाळायला असलेली नसीमभाभी एकदा तिला म्हणाली होती, "बाजी, एक बार तुमचा पण बघा ना." ताई पट्टा गुंडाळत म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" दोन आठवडे तिचं डोकं दुखत होतं, ती गोळी घेऊन शाळेत जात होती, हे मला दाजींनी नंतर सांगितलं. दाजींचं सिल्लोडला बियाण्यांचं दुकान आहे. दुकानातच बसल्या बसल्या ते सांगत होते, आणि मधेच थांबून मला विचारत होते, "मला कळायला पाहिजे होतं ना हो?" मी त्यांना काय सांगणार? मला तर त्या दिवशी तिनं स्वतः फोन केला होता.

तो फोन कशासाठी होता हे कळायला आईच्या टीव्हीची गोष्ट सांगावी लागेल. आणि त्याही आधी ताईची.

आम्ही लहानपणी संभाजीनगरातच, गुलमंडीत राहायचो, कापडाच्या दुकानांमागच्या दोन खोल्यांत. वडील सरकारी कचेरीत कारकून. घरातली कोणतीही वस्तू बंद पडली की ताई ती उघडायची. तेराव्या वर्षी तिनं इस्त्री उघडून तार बदलली होती, आणि मग वडिलांचा रेडिओ उघडून तो महिनाभर तसाच उघडा ठेवला होता, कारण आतलं सगळं तिला बघायचं होतं. बारावीनंतर तिला इलेक्ट्रॉनिक्सला जायचं होतं. वडील म्हणाले, "बीएस्सी कर, बीएड कर, मास्तरीण हो. लई झालं." चार वर्षांनी मला न विचारता इंजिनिअरिंगला घातलं. ती त्यावर कधी काही बोलली नाही. फक्त मी सुट्टीत घरी आलो की माझी पुस्तकं मागून घ्यायची आणि परत देताना पेन्सिलीनं एखादी चूक दाखवून द्यायची. लग्न होऊन सिल्लोडला गेली, तिथंच शाळेत विज्ञान शिकवू लागली. तिला मूल झालं नाही. शाळेची प्रयोगशाळा तिनं अशी ठेवली होती की बाहेरगावचे शिक्षक बघायला यायचे.

आईला झटका आला तेव्हा तिची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं. डोळ्यांत दिसायचं की तिला सगळं समजतंय. पण तोंडातून एकच शब्द बाहेर पडायचा, "बरं." पाणी हवं असलं तरी बरं, राग आला तरी बरं. छावणीजवळ वाचा-उपचार करणाऱ्या एक मॅडम आहेत, त्यांनी सांगितलं की रोज दोन वेळा समोरच्या माणसाच्या ओठांकडं बघून शब्द म्हणायला लावा, खंड पडू देऊ नका. रोज कोण म्हणून घेणार? मी पुण्यात, ताई सिल्लोडला. नसीमभाभीनं प्रयत्न केला, पण आई तिच्यापुढं तोंडच उघडेना. स्वतःचं असं होणं तिला परक्यापुढं नको होतं. मोबाइलवर व्हिडिओ करून पाठवले, तर तेवढ्याशा पडद्यावर तिला ओठ नीट दिसेनात. एका रविवारी ताईचा मला फोन आला. "संजू, टीव्हीवर माझं तोंड मोठं दिसलं पाहिजे. आईनं एक बटण दाबलं की धडा सुरू झाला पाहिजे. आणि तिनं तो बघितला की नाय, हे मला सिल्लोडला बसून कळलं पाहिजे. होईल का?"

मी म्हणालो, होईल. घरातल्या घरात सर्व्हर बसवायचा, म्हणजे एक कॉम्प्युटर चोवीस तास चालू ठेवायचा, त्यात व्हिडिओ ठेवायचे, आणि टीव्ही ते त्याच्याकडून मागून घेतो. आमच्या धंद्यात अशी कामं दोन तासांची. मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात येतो तेव्हा करून देतो." पुढच्या महिन्यात गेलो नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. मग तिनं एक दिवस फोन केला आणि म्हणाली, "तू येऊ नको. तू नुसतं सांग, मी करते." स्वतःचा जुना लॅपटॉप, ज्याचा पडदा फुटला होता, तो तिनं आईच्या टीव्हीखाली ठेवला आणि पाच रविवार खपून सर्व्हर उभा केला. मी फोनवर सांगायचो ते लिहून घ्यायची, आणि पुढच्या रविवारी मला माहीत नसलेलं काहीतरी मलाच विचारायची. सिल्लोडहून मोबाइलवर कसं बघायचं, हे तर तिनं तिचं तिनंच शोधून काढलं. नसीमभाभीला तिनं ते सगळं चहा पिता पिता समजावलं होतं, आणि भाभी मला परवा जसंच्या तसं सांगत होती: राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला घर नंबर देतो, टीव्ही त्या नंबरवर जाऊन दार वाजवतो आणि धडा मागतो. मी पंचवीस वर्षं या धंद्यात आहे, मला इतकं सोपं करून सांगता आलं नसतं.

एक अडचण राहिली होती. लॅपटॉपची बॅटरी गेलेली, त्यामुळं लाइट गेली की तो बंद पडायचा, आणि परत सुरू झाला की राउटर कधी कधी त्याला नवा नंबर द्यायचा. टीव्ही जुन्याच दारावर उभा. नंबर कायमचा करून टाकायचा असतो, दोन मिनिटांचं काम. ते तिला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. त्या शुक्रवारी सकाळी सिडकोतल्या आईच्या घराची लाइट गेली आणि आली. दहाला आईचा धडा सुरू झाला नाही, आणि ते ताईला सिल्लोडला मोबाइलवर दिसलं. मधल्या सुट्टीत तिनं मला फोन केला. "आईचा धडा आज लागलाच नाय. ती वाट बघत बसली असंल." मी म्हणालो, "मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी बघू." ती म्हणाली, "तुझं संध्याकाळी कधी संपतंय... बरं, ठेवते."

संध्याकाळी मी संभाजीनगरला पोचलो तेव्हा दाजी तिला घेऊन सिल्लोडहून निघाले होते. आईला कुणी सांगितलं नव्हतं. माझीच वाट बघत होते. मी तिच्या पलंगावर बसलो, तिचा डावा हात हातात घेतला आणि म्हणालो, "आई, ताई गेली." आईनं माझ्याकडं बघितलं. तिचे ओठ हलले, आणि तिच्या तोंडातून आला तो तोच शब्द, "बरं."

आईनं स्वतः तो ऐकला. तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. तिनं माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि स्वतःच्या तोंडावर मारला. परत मारला. मी आणि नसीमभाभीनं तो धरला. ती रडत होती आणि त्या रडण्यातही मधून मधून "बरं, बरं" असं येत होतं... एवढ्या आयुष्यात मी याहून भयंकर काही ऐकलेलं नाही.

तेराव्यापर्यंत टीव्हीला कुणी हात लावला नाही. चौदाव्या दिवशी पाहुणे गेले आणि नसीमभाभी मला बाजूला घेऊन म्हणाली, "भय्या, अम्मा रोज दहाला टीव्हीकडं हात करतात. मैं क्या करूं?" मी दाजींना फोन केला. ते म्हणाले, "बंदच राहू द्या. सोसायचं नाय त्यांना." मलाही तेच वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाच सोसणार नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी दहाला मी स्वतः बघितलं. आई खुर्चीत सरळ होऊन बसली, पदर सारखा केला, आणि काळ्या पडद्याकडं बोट केलं. मग माझ्याकडं बघून बोट तसंच ठेवलं. मी म्हणालो, "आई, त्यात ताई दिसंल. लावू का?" तिनं मान हलवली. तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

मी राउटरची सेटिंग उघडली, नंबर कायमचा केला. घड्याळ बघितलं नव्हतं, पण दोन मिनिटंही लागली नसतील.

पडद्यावर ताईच्या तोंडाची चित्रं ओळीनं आली. एक्केचाळीस धडे. आईनं डाव्या हातानं बटण दाबलं. ताई सिल्लोडच्या प्रयोगशाळेत बसलेली, मागं काचेच्या नळ्या. "आई, माझ्या ओठांकडं बघ. पाणी." आणि मग ती थांबली. मला वाटलं व्हिडिओ अडकला. मी रिमोटला हात घातला, तर आईनं मला अडवलं. अडकला नव्हता. ताई आईच्या उत्तरासाठी थांबली होती. रिकाम्या प्रयोगशाळेत, समोर कुणी नसताना, ती सरळ बघत थांबली होती, आई किती अडखळेल याचा अंदाज घेऊन, भुवया थोड्या वर करून, वर्गात एखादं पोर उत्तर आठवत असताना करायची तशा. आईनं ओठ जुळवले. "ब... प... पा." पडद्यावरची ताई म्हणाली, "छान. परत." मी उठून गॅलरीत गेलो. पुढचं थोडं मी तिथूनच ऐकलं, आणि शेवट होण्याआधी खाली रस्त्यावर निघून गेलो.

आता मी महिन्यातले पंधरा दिवस इथंच राहून काम करतो. ताईच्या वहीत पुढच्या धड्यांचे शब्द लिहून ठेवलेले आहेत, साठपर्यंत. बेचाळिसावा मी केला. मोबाइल तिपाईवर लावला, शब्द म्हणालो, पुढचा शब्द म्हणालो. आईनं तो लावला आणि मिनिटाभरात बटण दाबून बंद केला, आणि मला हातानं खूण केली, हळू. मी शब्द म्हणून थांबतच नव्हतो. वाचा-उपचाराच्या मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "सविताताईंना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचं पहिलं रेकॉर्डिंग बघून मीच बाकीच्या रुग्णांना तसं करायला सांगते." मी चार वेळा परत केला. अजून ताईएवढं थांबता येत नाही. समोर कुणी नसताना गप्प बसून कॅमेऱ्याकडं बघणं फार अवघड असतं... तिनं ते एक्केचाळीस वेळा केलं, शाळा सुटल्यावर, शेवटी शेवटी तर डोकं दुखत असताना.

आईला आता पाणी म्हणता येतं. चहा, नको, नसीम, हे येतं. संजू अजून "संबू" होतं. परवाच्या रविवारी मी पहिल्यांदा तिच्याशेजारी बसून ताईचा एक धडा शेवटपर्यंत बघितला. एक्केचाळिसावा, तिनं जाण्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी केलेला आणि रात्रीच घरून पाठवून ठेवलेला. शब्द संपले. ताईनं चष्मा काढला, डोळे चोळले, आणि कॅमेरा बंद करायला पुढं वाकली. "येते हं आई."

"थांब," आई म्हणाली.

स्पष्ट म्हणाली. नसीमभाभी स्वयंपाकघरातून ओल्या हातानं बाहेर आली. हा शब्द कुठल्याही धड्यात नाही, वहीतही नाही, मी नंतर पान पान बघितलं. पडद्यावर ताईचा हात मोठा मोठा होत आला आणि पडदा काळा झाला. मग आईनं डाव्या हातानं रिमोट उचलला, चित्रांच्या ओळीतून एकेक करत मागं मागं गेली, आणि पहिला धडा लावला.