राणी रंगाची साडी

पद्माबाईंनी दोन्ही पोरांची कॉलेजं आहेरात मिळालेल्या साड्या नेसून काढली. स्वतःसाठी कापडाच्या दुकानाची पायरीही चढल्या नाहीत. धाकटी जाऊ यामिनी हे पुरतं ओळखून होती. आपल्या मुलाच्या हळदीला तिने चार बायकांदेखत एक मातकट साडी पद्माबाईंपुढे केली.

"नेसजो ताई, तुले कुठं रंगाचं पडलं हाय! अन् उद्या राणी रंग कोणी नेसाचा नाई हो, तो वरमायचा."

पद्माबाई नुसत्या हसल्या. सकाळी उठून वर्ध्याच्या बाजारात गेल्या, घासाघीस न करता झगझगीत राणी रंगाची साडी घेतली आणि तीच नेसून मांडवात उभ्या राहिल्या.

नवरीच्या आजीला कमी दिसायचं. वरमाय राणी रंगात आहे, एवढंच तिला कोणीतरी सांगितलेलं. तिने मानाची ओटी थेट पद्माबाईंच्या पदरात घातली आणि हात जोडले.

यामिनी धावत आली. "ताई, ओटी माही होती!"

"मंग सांग ना म्हातारीले, साऱ्या वऱ्हाडासमोर. मी कायले अडवू?"

यामिनीने भरल्या मांडवाकडे पाहिलं आणि ती दोन पावलं मागे सरली. पद्माबाई ओटी सावरत फोटोवाल्याकडे वळल्या.

"काढ रे. माहा एकटीचा."