ठाकुर्लीच्या गच्चीवरचं अजाइल

ऑफिसातले किस्से लोणच्यासारखे. बरणीत टाकून विसरायचे, मुरतात आपोआप. माझ्या बरणीत मसाला जरा वाढतो, हे मित्रांना ठाऊक आहेच!

ठाकुर्लीत, एका जुन्या इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर आमचं छोटंसं सॉफ्टवेअरचं ऑफिस. गिऱ्हाईक एकच उरलेलं: कल्याणचे अण्णा, मंगल कार्यालयवाले. त्यांना बुकिंगचं ॲप हवं होतं. ते पसंत पडलं नाही तर ऑफिसला टाळं, आणि आमची टीम लीड मेघना नोकरीसाठी बंगळुरूला. तिला जायचं नव्हतं. गच्चीवरची दुपारची झुळूक तिकडे कुठून आणणार?

म्हणून तिने अजाइल नावाची कामाची पद्धत आणली. थोडं थोडं करायचं, गिऱ्हाइकाला दाखवत राहायचं. रोज सकाळी मीटिंग, तीही उभ्याने, म्हणजे लांबत नाही.

पहिल्याच दिवशी शेजारच्या साठेकाकू डोकावल्या. "अगं मेघना, परक्यासारखे उभे काय सगळे? बसा!" खुर्च्या आल्या, मागून पोहे आले. मीटिंग जेवणाच्या सुट्टीत संपली!

*

कामाच्या चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवायच्या होत्या. पण भिंतीला ओल. सकाळी येऊन बघावं तर सगळी कामं फरशीवर!

शेवटी काकूंनी गच्चीतली कपड्यांची दोरी दिली. डावीकडे 'बाकी', मध्ये 'चालू', उजवीकडे 'झालं'. अधूनमधून काकांचे लेंगे. वारा सुटला की अख्खं ॲप संथ झोके घ्यायचं, आणि आम्ही हातातला चहा गार होईपर्यंत बघत बसायचो.

*

एकदा वारा अंगात आल्यासारखा सुटला. खालच्या मजल्यावरून हाक आली, "अहो, तुमचं पेमेंट आमच्या तुळशीत पडलंय!"

एक चिठ्ठी तर तरंगत तरंगत पार कल्याणपलीकडच्या मोहन्यापर्यंत गेली म्हणतात. कोण म्हणतं? मीच!

*

एका सोमवारी बघतो तर एक सोडून सगळ्या चिठ्ठ्या 'झालं'मध्ये! मेघना हरखली. "कोणी केलं रे एवढं?"

"मी केलं गं," काकू म्हणाल्या. "वाळलं होतं, सरकवून ठेवलं."

"मग ही एकच का ठेवलीत?"

'बाकी'च्या टोकाला एक चिठ्ठी पहिल्या दिवसापासून लटकत होती: 'अण्णांचा होकार'. काकूंनी ती बोटांनी चाचपली.

"ही अजून ओली आहे गं."

त्या दिवशी मात्र कोणी हसलं नाही.

*

अण्णा 'हो' म्हणत नाहीत, 'नाही' म्हणत नाहीत. 'बघू' म्हणतात. मुलीला बघायला आलेली माणसं जाताना 'बघू' म्हणाली की पुढे काय होतं, ते सांगायला नको!

शेवटच्या डेमोला त्यांनी सगळी बटणं दाबली, फोन खिशात ठेवला. "छान. बघू."

मेघना उठून गच्चीत गेली. मी तिच्या मागे गेलो. थोड्या वेळाने अण्णाही वाऱ्याला आले. काकू चादरी काढत होत्या. उन्हं कलली होती, दोरी झुलत होती.

"हे काय हो?" अण्णांनी विचारलं.

काकूंनी सगळं समजावलं. बाकी, चालू, झालं, मधले लेंगे, आणि ओली चिठ्ठी कोणती तेही.

अण्णांनी झुलणाऱ्या दोरीवरची एकेक चिठ्ठी वाचली. मग टोकाशी गेले आणि ती चिठ्ठी चिमटीत धरून चाचपली.

"वहिनी, ही तर वाळली की हो!"

आणि चिमट्यासकट उचलून त्यांनी ती उजवीकडे लावली.