सहा खिडक्यांची शाळा

चिन्मय आणि ईरा,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्यामागचं ते पिवळं चित्र अर्धवट का आहे?" ते काढणारे आमचे ड्रॉइंग सर गेल्या आठवड्यात निलंग्याला वारले. म्हणून आताच लिहून ठेवते.

चित्र काढताना सर इमारतीसमोर उभे राहत ते डोळे जवळजवळ मिटून. मुलं कुजबुजत, "सर उभ्याउभ्या झोपले." सर मागे न वळता म्हणत, "झोपलो न्हाई रे. नको ते गाळून राहिलो." डोळे बारीक केले की तारा, तडे, पोपडे विरघळतात; उरतं ते ऊन आणि सावली. जाड ब्रशचे फटकारे ते तसेच ठेवत. "हात फिरलेला दिसू द्या की. भिंतसुद्धा कुणी हातानंच लिंपली हाय."

निलंग्याची आमची जुनी शाळा दिवाळीच्या सुट्टीत पाडायचं ठरलं. नव्या सभागृहासाठी सरांनी तिचं चित्र काढलं. ते पसंत करायचं काम माझ्याकडे आलं. मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवणारी, सगळं नेटकं लागणारी. मी खिडक्या मोजल्या.

"सर, पंधरा खिडक्या आहेत. तुम्ही सहाच काढल्यात."

"बाई, खिडक्यांची हजेरी घेऊन राहिल्या का?" सर हसले, पण चित्र घेऊन गेले.

चार दिवसांनी परत आणलं. पट्टीने आखलेल्या पंधरा खिडक्या, आणि भिंत अगदी निस्तेज. "बघा बाई, खिडक्या आल्या. ऊन गेलं." या वेळी ते हसले नाहीत. मला माझी चूक दिसली; सहाच खिडक्या पुन्हा काढा, असं मी सरांना म्हटलं.

तोवर शाळेच्या छपराचे पत्रे उतरले होते. दुसऱ्या दिवशी भिंती पडणार होत्या. त्या सकाळी मी मुकादमाला विनवलं, "दादा, पुढची भिंत अकरापर्यंत राहू द्या."

सर चित्रावरच्या आखलेल्या खिडक्यांचा रंग सुरीने खरवडत होते. मी छत्री धरली.

"पडकी भिंत काढून काय करता, गुरुजी?" मुकादम म्हणाला.

"भिंत न्हाई दादा, ऊन काढून राहिलो."

छप्पर नव्हतं, त्यामुळे दहाच्या सुमाराला खिडक्यांच्या आतही पिवळं ऊन होतं. सरांनी तेही चित्रात घेतलं. अकरा वाजले, सरांनी ब्रश पुसला आणि स्वतःच मुकादमाला "पाडा आता" असा हात केला.

शाळेच्या समितीला चित्र अर्धवटच वाटलं. मी ते त्यांच्याकडून मागून घेतलं आणि लातूरला घरी आणलं.

शाळा नाही, सर नाहीत. सहा पिवळ्या खिडक्यांचं चित्र माझ्या भिंतीवर आहे, आणि त्यात सकाळचे दहा वाजलेले आहेत.